कामाचा तास आणि मृदू कौशल्ये

शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाला काम मिळावे, मिळालेले काम टिकावे आणि वेळ पडल्यास एक काम सोडून दुसरे धरता यावे, या तिन्ही गोष्टी मिळून रोजगारक्षमता होते. पहिल्या गोष्टीला प्रमाणपत्र उपयोगी पडते. उरलेल्या दोन्हींना लागणारे भांडवल गुणपत्रिकेत दिसत नाही. वेळेवर हजर राहणे, सांगितलेले नीट ऐकून घेणे, समजले नाही तर न लाजता विचारणे, चूक झाली तर ती दडवण्याऐवजी सांगून टाकणे, चौघांत काम वाटून घेणे आणि चिडलेल्या गिऱ्हाइकाशी आवाज न चढवता बोलणे, असे ते भांडवल आहे. त्यालाच हल्ली मृदू कौशल्ये म्हणतात.

जागतिक आरोग्य संघटनेने 1990 च्या दशकात अशा दहा जीवनकौशल्यांची यादी पुढे ठेवली: निर्णयक्षमता, समस्या निराकरण, सर्जनशील विचार, चिकित्सक विचार, परिणामकारक संप्रेषण, आंतरव्यक्तिसंबंध, स्वजाणीव, समानुभूती, भावनांचे समायोजन आणि ताणतणावांचे समायोजन. ही नावे आता शिक्षकांच्या प्रशिक्षणात पाठ झालेली आहेत आणि अनेक शाळांच्या भिंतींवर रंगवलेली आहेत. यादीबद्दल फारसा वाद नाही. ती शाळेच्या वेळापत्रकात कुठे बसवायची, याबद्दल मात्र आहे. काही शाळा आठवड्याला एक तासिका ठेवतात. काही मे महिन्यात व्यक्तिमत्त्व विकास शिबिर घेतात, त्यात पाहुणा वक्ता हस्तांदोलन कसे करावे ते दाखवतो. दुसरी वाट जुनी आहे आणि ती महाराष्ट्रात चांगली मळलेली होती. मुलांना खरे काम द्यायचे आणि त्या कामाच्या ओघात ही कौशल्ये अंगी बाणू द्यायची. प्रस्तुत विवेचनाचा कौल या दुसऱ्या वाटेला आहे, काही अटींसह.

या गुणांची बाजारात खरोखर किंमत आहे का, हे आधी पाहिले पाहिजे. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड डेमिंग यांनी 2017 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, अमेरिकेत 1980 ते 2012 या काळात ज्या नोकऱ्यांमध्ये माणसांशी सतत संबंध येतो त्यांचा एकूण नोकऱ्यांतला वाटा जवळपास 12 टक्के बिंदूंनी वाढला. ठरावीक, पुन्हा पुन्हा करायची कामे यंत्र आणि संगणक घेत जातात, तर प्रसंग पाहून वागणे अजून माणसाकडेच राहते. काम वाटून घेणे, दुसऱ्याला काय जमते ते ओळखणे आणि त्याच्याशी देवाणघेवाण करणे हे यंत्राला अवघड जाते, म्हणून त्याचा भाव वाढला.

याहून बोलका पुरावा मिशिगन राज्यातल्या इप्सिलँटी गावचा आहे. तिथल्या पेरी बालशाळेत 1962 ते 1967 या काळात गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतल्या 123 बालकांवर एक प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले आणि एका गटाला तिसऱ्या-चौथ्या वर्षी उत्तम बालशिक्षण दिले. त्या गटाचा बुद्ध्यंक सुरुवातीला वाढला, पण प्राथमिक शाळेच्या पहिल्या काही वर्षांतच ती आघाडी विरून गेली. त्या वेळी प्रयोग फसला असेच कोणीही म्हटले असते. पण हीच मुले चाळिशीला पोचली तेव्हा त्यांच्यातले अधिक जण कामावर होते, त्यांची कमाई जास्त होती आणि तुरुंगाचे तोंड कमी जणांनी पाहिले होते. अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आकड्यांचा पुढे बारकाईने अभ्यास केला. बुद्ध्यंकाचा फायदा पुसला गेला तरी वागण्यातला फायदा टिकला, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हेकमन यांनीच अमेरिकेतल्या शाळा सोडलेल्या तरुणांसाठी असलेल्या समकक्षता परीक्षेचाही अभ्यास केला. ही परीक्षा उत्तीर्ण होणारे तरुण बुद्धीने शाळा पूर्ण करणाऱ्यांच्या तोडीचे असतात, पण त्यांची कमाई शाळा सोडलेल्यांच्या जवळपासच राहते. बुद्धी होती, चिकाटी आणि नेम नव्हता. परीक्षेने पहिली गोष्ट मोजली, दुसरी मोजलीच नाही.

महाराष्ट्राला हे परदेशी आकड्यांच्या आधी ठाऊक होते, फक्त वेगळ्या भाषेत. भाऊराव पाटलांनी 1919 साली कराड तालुक्यातल्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र ठेवली. पाणी भरणे, स्वयंपाक, शेतात राबणे ही कामे मुलेच करत. भाऊराव स्वतः काही काळ किर्लोस्करांचे नांगर गावोगाव फिरून विकत असत. शेतकऱ्याला वस्तू पटवून देणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. त्यांची ‘कमवा आणि शिका’ ही योजना गरीब मुलाच्या फीची सोय म्हणून ओळखली जाते. ते खरेच आहे. पण ज्या मुलाने कोरडवाहू गावातून येऊन वेगळ्या जातीच्या मुलाशेजारी बसून भाकरी थापली आणि उरलेल्या पिठाचा हिशेब दिला, त्याला समानुभूती आणि आंतरव्यक्तिसंबंध यांचा वेगळा तास लागला नाही.

ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाच्या माध्यमातून शिक्षण हा विचार मांडला आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने त्याचा आराखडा केला. ही नई तालीम. सूतकताईभोवती गणित, भूगोल आणि इतिहास गुंफायचा, आणि मुलांनी केलेल्या मालाच्या विक्रीतून शिक्षकाचा पगार निघावा अशी अपेक्षा. याच शेवटच्या कलमावर टीकेची झोड उठली, आणि ती अनाठायी नव्हती. उत्पन्नावर डोळा ठेवला की शाळेचा कारखाना व्हायला वेळ लागत नाही. आर्थिक बाजूवर भर देण्याच्या नादात शैक्षणिक हेतूचा बळी जाण्याचा धोका खुद्द समितीच्या अहवालातच नोंदलेला आहे. स्वातंत्र्यानंतर देशभर ‘मूलोद्योगी’ शाळा निघाल्या. टकळी आली, माहीर शिक्षक आले नाहीत. योजना हळूहळू आटली.

नंतर कोठारी आयोगाने (1964-66) सर्वांसाठी कार्यानुभव सुचवला आणि 1977 मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्याला समाजोपयोगी उत्पादक कार्य असे रूप दिले. महाराष्ट्रातल्या एका पिढीला कार्यानुभव हा विषय चांगलाच आठवतो: क्रेप कागदाची फुले, आइस्क्रीमच्या काड्यांचे घर, थर्माकोलचा ताजमहाल आणि परीक्षेच्या आदल्या रात्री ते करून देणारी आई किंवा कोपऱ्यावरचे स्टेशनरीचे दुकान. वस्तू कोणासाठी करायची, तिचा उपयोग काय, ती मोडली तर काय, यांपैकी कोणताच प्रश्न नव्हता. शिक्षक पाहणार आणि गुण देऊन कपाटावर ठेवणार. कल्पना वाईट नव्हती, पण तिच्यातून गिऱ्हाईक काढून टाकले गेले आणि गिऱ्हाइकाबरोबर शिकण्यासारखे बहुतेक सगळे निघून गेले.

कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांनीच स्थापन केलेल्या भारतीय शिक्षण संस्थेच्या छत्राखाली 1983 साली पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, पाबळ या अवर्षणग्रस्त गावी, विज्ञान आश्रम सुरू झाला. त्याचे संस्थापक डॉ. श्रीनाथ कलबाग (1928-2003) हे अन्नतंत्रज्ञ. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन त्यांनी हिंदुस्तान लीव्हरच्या संशोधन विभागात अनेक वर्षे काम केले आणि पन्नाशी उलटल्यावर नोकरी सोडून ते पाबळला गेले. सुरुवात शाळा सोडलेल्या मुलांपासून झाली. वर्गात ‘ढ’ ठरलेली मुले वेल्डिंग करताना कोन बरोबर मोजतात आणि पंप उघडून पुन्हा जोडतात, हे दिसल्यावर प्रश्न उलटा झाला. मुले शाळेत का टिकत नाहीत, याऐवजी शाळेत असे काम का नाही, असे विचारले जाऊ लागले. त्यातून आठवी ते दहावीसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम तयार झाला आणि राज्य माध्यमिक मंडळाने तो ऐच्छिक विषय म्हणून स्वीकारला.

या अभ्यासक्रमाचे चार विभाग आहेत: अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य. प्रत्येक मुलाने, आणि प्रत्येक मुलीनेही, चारही विभागांतून जायचे. आठवड्यातला एक दिवस या कामाचा. शिकवायला गावातलेच हुन्नरी लोक, म्हणजे वेल्डर, वायरमन, नर्सरीवाला. मुले नकाशासाठी जमिनीची मोजणी करतात, माती तपासतात, रक्तगट ओळखतात, फेरोसिमेंटची पाण्याची टाकी बांधतात, घराचे वायरिंग करतात, कलमे बांधतात. यातले बरेचसे काम गावासाठी असते, गावकरी सामानाचे पैसे देतात आणि वस्तू वापरतात. 2002 साली पाबळला अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब (संगणकनियंत्रित यंत्रांची कार्यशाळा) उभी राहिली, तीही याच परंपरेत.

गृह व आरोग्य विभागातला एक साधा पाठ जवळून पाहण्यासारखा आहे: शेंगदाण्याची चिक्की. शेंगदाणे मंद आचेवर भाजायचे, सालं काढून पाखडायचे, गूळ वितळवून पाक करायचा. पाक झाला की नाही हे घड्याळ सांगत नाही. वाटीभर गार पाण्यात थेंब टाकायचा. तो मऊ राहिला तर चिक्की दाताला चिकटणार, करपला तर कडू होणार, आणि गार झाल्यावर टचकन मोडला की पातेले उतरवायचे. त्यानंतर हातात मिनिटभराचा वेळ असतो. एकाने ओतायचे, दुसऱ्याने तेल लावलेल्या पाटावर लाटायचे, तिसऱ्याने गरम असतानाच सुरीने चौकोन पाडायचे. तिसरा जागेवर नसेल तर पुढे दगड होतो. गटकार्यावरचे व्याख्यान जे अर्ध्या तासात सांगते, ते इथे एका फसलेल्या घाण्यात कळते. मुले आपसांत भांडतातही. ते भांडण पाठाचा भाग समजून शिक्षकाने त्यात लगेच पडू नये.

खरा पाठ मात्र चिक्की थंड झाल्यावर सुरू होतो. समजा एक किलो शेंगदाणे 140 रुपयांचे, 800 ग्रॅम गूळ 48 रुपयांचा, तेल, गॅस आणि वेष्टनाचा कागद मिळून 22 रुपये. सामानाचा खर्च 210 रुपये. सालं आणि ओलावा वजा जाता साधारण 1600 ग्रॅम माल निघतो, म्हणजे 100 ग्रॅमच्या 16 पिशव्या. एका पिशवीला 13 रुपयांच्या वर थोडे. पंधरा रुपयांना विकू, पिशवीमागे पावणेदोन-दोन रुपये नफा, असे मुले आनंदाने फळ्यावर लिहितात. मग शिक्षक विचारतो, तिघांनी दीड-दीड तास काम केले, त्याचे काय? तासाला 40 रुपये धरले तरी साडेचार तासांचे 180 रुपये होतात. खर्च 390 वर जातो आणि पिशवी 24 रुपयांच्या पुढे पडते. म्हणजे पंधराला विकणे हा चक्क तोटा. आपल्या आईच्या, बापाच्या आणि स्वतःच्या श्रमाची किंमत हिशेबात धरायची असते, हे चौदा वर्षांच्या मुलाला कळण्याचा हा क्षण फार मोलाचा आहे. ग्रामीण भागातले कितीतरी घरगुती उद्योग याच एका चुकीने बसतात. पुढचा प्रश्न मुलेच काढतात: दीड तास का लागला? भाजणे आणि सालं काढणे यात वेळ गेला. मग एकदम पाच किलो भाजले तर? समस्या निराकरण आणि चिकित्सक विचार ही भिंतीवरची दोन नावे इथे पातेल्याशेजारी येऊन बसतात.

अभियांत्रिकी विभागात अशीच गोष्ट घडते, फक्त तिथे गिऱ्हाईक अधिक खडूस असते. गोठ्याला लोखंडी दार हवे म्हणून शेतकरी शाळेत येतो. मुलांनी माप घ्यायचे, चित्र काढायचे, अँगल आणि पत्र्याचा भाव दुकानात फोन करून विचारायचा, अंदाजपत्रक द्यायचे, तारीख ठरवायची. दार कुठल्या बाजूला उघडणार हे विचारायला विसरले तर दार तयार होते आणि बसत नाही. नीट ऐकण्याचा यापेक्षा चांगला तास कुठल्याच पुस्तकात नाही. तारीख हुकली तर शेतकऱ्याला आधी कळवायचे की तो येऊन ओरडेपर्यंत थांबायचे, हाही निर्णय मुलांनाच घ्यावा लागतो. दिलगिरी व्यक्त करणारे वाक्य मराठीच्या पुस्तकातल्या पत्रलेखनात असते, पण समोर उभ्या असलेल्या माणसाला ते तोंडाने म्हणणे वेगळे.

या दोन्ही उदाहरणांत काही गोष्टी समान आहेत आणि त्या नसतील तर काम नुसती हमाली होते. वस्तू कोणाला तरी हवी असते. ती बिघडली तर बिघाड लपत नाही. काम एकट्याच्याने होत नाही. आणि मुलाला त्यात काही ठरवायला मिळते. शाळेचे मैदान झाडणे हे श्रम आहेत, चांगलेही आहेत, पण त्यात ठरवण्यासारखे फार थोडे असते. म्हणून स्वच्छतेच्या तासाला रोजगारक्षमतेचे शिक्षण म्हणणे ही फसवणूक आहे.

तरीही कामातून सगळे आपोआप येते असे मानणेही भाबडेपणाचे. तसे असते तर वयाच्या बाराव्या वर्षापासून गॅरेजमध्ये राबणारा प्रत्येक पोऱ्या उत्तम व्यवस्थापक झाला असता. या बाबतीत 2011 साली जोसेफ डर्लाक आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेले संकलन उपयोगी आहे. शाळांमधल्या सामाजिक-भावनिक शिक्षणाच्या 213 कार्यक्रमांचा आणि 2 लाख 70 हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा त्यात विचार झाला. अशा कार्यक्रमांतल्या मुलांची अभ्यासातली प्रगतीही सरासरी 11 शतमक गुणांनी पुढे गेलेली आढळली. पण सगळे कार्यक्रम सारखे परिणामकारक नव्हते. जिथे पायरीपायरीने शिकवले, मुलांना स्वतः करायला लावले, ठरवून वेळ दिला आणि नेमके कोणते कौशल्य शिकायचे हे उघड सांगितले, तिथे फळ चांगले आले. म्हणजे कामाबरोबर कामावरचे बोलणेही हवे. दार बसले नाही, त्यानंतरची वीस मिनिटे सगळ्यात महत्त्वाची. काय विचारायचे राहिले, कोणी विचारायला हवे होते, पुढच्या ऑर्डरला कागदावर कोणते रकाने हवेत, हे मुलांकडून काढून घ्यायचे आणि नोंदवहीत लिहायला लावायचे. ही वीस मिनिटे घंटा झाली म्हणून सुटली तर दाराचा तोटा तेवढा उरतो.

इथे एका गैरसमजाची वासलात लावणे भाग आहे. मृदू कौशल्ये म्हणजे फाडफाड इंग्रजी, टाय आणि मुलाखतीतले हसू, असे समीकरण छोट्या शहरांतल्या क्लासवाल्यांनी रुजवले आहे. इंग्रजी आली तर उत्तमच, तिची बाजारात किंमत आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ऐकणे, विचारणे, समजावून सांगणे ही कौशल्ये मुलाच्या घरच्या भाषेतच आधी पक्की होतात. ज्या मुलाला मराठीत तीन वाक्यांत अडचण सांगता येत नाही, त्याला पाठ केलेली इंग्रजी वाक्ये मुलाखतीच्या पहिल्या दोन मिनिटांपुरतीच पुरतात. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर शाळा त्यांची बोली सुधारण्यात इतकी गढते, की मूल बोलायचेच थांबते.

सरकारी योजनांमध्येही पुस्तकाकडे घसरण्याची ओढ दिसते. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा 2013 मध्ये आला, समग्र शिक्षा योजनेतून नववीपासून ऑटोमोबाइल, रिटेल, सौंदर्यसेवा, शेती, माहिती तंत्रज्ञान असे विषय शाळांत सुरू झाले. भोपाळच्या केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्थेने तयार केलेल्या अभ्यासक्रमांत रोजगारक्षमतेचा वेगळा भाग आहे: संप्रेषण, स्वव्यवस्थापन, संगणक, उद्योजकता आणि हरित कौशल्ये. आखणी विचारपूर्वक आहे. पण हा भाग प्रत्यक्ष कामापासून सुटा काढून शिकवला की प्रश्नोत्तरे पाठ होतात: स्वव्यवस्थापनाचे फायदे लिहा, पाच गुण. हाच भाग ऑटोमोबाइलच्या वर्गात, गाडी सोडवायला आलेल्या मालकासमोर शिकवणे शक्य असते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने एक पाऊल पुढे टाकले. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक कारागिरांबरोबर घालवायचे, आणि 2025 पर्यंत किमान निम्म्या विद्यार्थ्यांना व्यावसायिक शिक्षणाचा परिचय व्हावा, असे उद्दिष्ट त्यात होते. 2023 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कामाचे तीन प्रकार केले: सजीवांबरोबरचे काम, यंत्रे व साहित्यावरचे काम आणि मानवी सेवेतले काम. ही विभागणी पाबळच्या चार विभागांची आठवण करून देणारी आहे. दहा दिवस मात्र ओळख होण्यापुरतेच. कुंभाराच्या चाकावर मुलाने एकदा हात ठेवला, फोटो काढला आणि सहल संपली, एवढ्यावर समाधान मानले तर कार्यानुभवाच्या कागदी फुलांचाच हा नवा अवतार ठरेल. दहा दिवस एकाच कारागिराकडे, एक वस्तू पूर्ण होईपर्यंत घालवले तर गोष्ट वेगळी.

व्यावसायिक शिक्षणावरचा सर्वात गंभीर आक्षेप जातीचा आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. ज्या समाजात कोणी कोणते काम करायचे हे जन्माने ठरत होते, तिथे शाळेत हातकाम आणले की खालच्या मानलेल्या जातींच्या पालकांना शंका येते: आमच्या मुलाला पुन्हा तिथेच ढकलणार का? शंका इतिहासाने शिकवलेली आहे. अभ्यासात मागे पडलेली मुले निवडून त्यांना ‘तांत्रिक’ तुकडीत टाकण्याची रीत चालू असेल, तर पालकांचेच बरोबर आहे. यावर इलाज एकच: काम सर्वांना, आणि सगळ्या प्रकारचे. वकिलाच्या मुलाने शेणखताचा खड्डा भरायचा आणि मजुराच्या मुलीने खर्चपत्रक मांडायचे. पाबळच्या अभ्यासक्रमातला प्रत्येकाने चारही विभागांतून जाण्याचा नियम तांत्रिक सोयीपेक्षा सामाजिक कारणाने अधिक महत्त्वाचा आहे. मुलगा चिक्की लाटतो आणि मुलगी वेल्डिंग करते, याचा परिणाम घरापर्यंत जातो. घरातला फ्यूज मुलीने बदलला की वडिलांच्या नजरेत फरक पडतो, हे गावोगावचे शिक्षक सांगतात.

दुसरी काळजी बालमजुरीची. 2016 च्या सुधारणेनंतर कायद्याने 14 वर्षांखालील मुलांना कामावर ठेवता येत नाही, आणि 14 ते 18 वयोगटाला धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. शाळेतले काम या रेषेच्या अलीकडे राहिले पाहिजे. वेल्डिंगला चष्मा व हातमोजे, ग्राइंडरजवळ मोठे माणूस, आणि विक्रीचा आकडा हे शिक्षकाचे लक्ष्य कधीच नाही. मिळालेला पैसा कुठे गेला याचा हिशेब मुलांसमोर मांडला की अर्धे गैरसमज तिथेच मिटतात.

मूल्यमापन हा शिक्षकांना सर्वाधिक छळणारा भाग. अंतर्गत गुण सरसकट सगळ्यांना भरभरून देण्याची आपली रीत जगजाहीर आहे. समानुभूतीला दहापैकी साडेसात देण्यात तर कोणाचेच भले नाही. त्यापेक्षा वर्षभराची नोंदवही, केलेल्या कामाचे फोटो, मांडलेले खर्चपत्रक आणि गिऱ्हाइकाच्या चार ओळी असा संच मुलाजवळ असू द्यावा. कारखान्याच्या फाटकावर नोकरीला गेलेल्या मुलाने तो दाखवला तर फोरमनला त्यातून बरेच कळते. मंडळाने गुण द्यायचेच ठरवले तर बाहेरच्या परीक्षकाने मुलाला एक मोडलेली वस्तू देऊन ‘काय झाले असेल, कोणाला विचारशील’ असे विचारावे.

शिक्षकाचा विषय शेवटी येत असला तरी सगळे तिथेच अडते. अर्थशास्त्रज्ञ किराबो जॅक्सन यांनी अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलिना राज्यातल्या नववीच्या वर्गांचा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध केला. मुलांची गैरहजेरी आणि शिस्तीच्या तक्रारी कमी करणारे शिक्षक आणि परीक्षेचे गुण वाढवणारे शिक्षक बहुधा वेगळे असतात, आणि पुढे शाळा पूर्ण होण्यावर पहिल्या प्रकारच्या शिक्षकांचा प्रभाव अधिक पडतो, असे त्यात दिसले. आपल्याकडे गुणवत्ता यादीच्या फलकावर अशा शिक्षकाचे नाव कधी येत नाही. व्यावसायिक विषयांचे प्रशिक्षक तर बहुतेक ठिकाणी खासगी संस्थांमार्फत, कंत्राटावर नेमले जातात. कंत्राटाचे नूतनीकरण लांबले की माणूस जातो, वर्कशॉपला कुलूप लागते आणि वर्ष संपते. गावातला वेल्डर पदवी नाही म्हणून चालत नाही आणि पदवीवाला वेल्डिंग जाणत नाही, हा पेच पाबळने मानधनावर गावातली माणसे घेऊन आणि शाळेतल्या विज्ञान शिक्षकाशी त्यांची जोडी लावून सोडवला. राज्यभर ते करायला अधिकारांपेक्षा इच्छा अधिक लागेल.

मुख्याध्यापकांना आज, कोणत्याही शासननिर्णयाची वाट न पाहता, एक गोष्ट करता येते. आठवडाभर विखुरलेल्या कार्यशिक्षणाच्या तासिका एका दिवशी सलग लावाव्यात. पस्तीस मिनिटांत पाक होत नाही आणि दारही बसत नाही. सलग तीन तासिका मिळाल्या की गावातून पहिली ऑर्डर मागायला मुलांनाच पाठवावे.